लग्नसराईतला निवडुंग

वैशाख लागला की माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, उन्हानं. पण बीडच्या माणसाला ऊन बाधत नसतं. ऊन आमच्याकडे पाहुणं म्हणून येत नाही, ते घरचंच आहे. मला बाधते ती लग्नसराई. दारात कुणी हळदीची बोटं लावलेली पत्रिका ठेवून गेलं की मी आधी वधूवरांची नावं वाचत नाही. गणपती कुठल्या साच्यातला आहे, कलश कुठून उचललाय, कडेची वेल किती वेळा ओढूनताणून बसवलीय, हे बघते. आणि एक जुनी चिडचिड वर येते.

परवा अशीच एक पत्रिका आली. कोपऱ्यात चक्क निवडुंग. कुंडीतला, गुबगुबीत, डोक्यावर गुलाबी फूल खोवलेला. हल्ली ही फॅशन आहे म्हणे. मी आधी हसले. मग पत्रिका हातातच राहिली. एका उन्हाळ्यात मी एका निवडुंगासाठी सगळ्या घराशी भांडले होते, आणि त्या निवडुंगाला जागा दिली नव्हती ती पत्रिकांनीच.

तेव्हा आम्ही परळीला होतो. वैजनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या वडिलांचं, अप्पांचं, भांड्यांचं दुकान होतं. खाली पितळ, तांबं, स्टील, आणि अखंड खणखणाट. गावात नव्यानं वारं शिरलं होतं. पिवळ्या रंगाचे टेलिफोन बूथ, छपरांवरून लोंबणाऱ्या केबलच्या तारा, पानाच्या टपरीत काचेचा फ्रीज. जो तो काहीतरी ‘टाकत’ होता. कुणी बूथ टाकला, कुणी केबल टाकली. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, दुकानाच्या वरच्या खोलीत कॉम्प्युटर टाकला. सोबत एक स्कॅनर आणि काळ्या शाईचा प्रिंटर. दारावर पाटी लागली आणि पत्रिकांची कामं सुरू झाली.

मी औरंगाबादहून चित्रकलेचा डिप्लोमा करून नुकतीच परतले होते. शाळांमध्ये जागा नव्हत्या. ‘‘तुला डिझाइन येतंय ना? मग बस की हितं,’’ दादा म्हणाला. बसले. दिवसभर गणपती मोठा कर, लहान कर, उजव्या सोंडेचा डावीकडं फिरव आणि मग लोक ओरडले की परत उजवीकडं फिरव. चार वर्षं मी मानवी सांगाड्याची हाडं काढायला शिकले होते आणि आता मामांची नावं वयानुसार लावत होते. एखादं नाव खालीवर झालं तर लग्न मोडायची वेळ यायची. चित्राकडं मात्र कुणी बघत नव्हतं.

निवडुंग कुठून आला ते सांगते. माझी आत्या उमापूरला असते. चैत्रात तिच्याकडं गेले होते. तिच्या रानाच्या बांधावर फड्या निवडुंगाचं कुंपण होतं, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेलं. लहानपणी आम्ही त्याची लाल बोंडं दगडावर घासून, कुसळं काढून खायचो. जीभ दोन दिवस लाल राहायची आणि बोटांत बारीक काटे सलत राहायचे. त्या दिवशी मी पहिल्यांदाच तो नीट बघितला. लांबून हिरवा दिसणारा निवडुंग जवळून हिरवा नसतोच. खालचे पंजासारखे जाड फड लाकडासारखे करडे झालेले, मधले पिवळट, सुरकुतलेले. कुठं जनावरानं तोंड लावलेलं, कुठं कुणी नाव कोरलेलं, त्या नावाचा व्रण झाडाबरोबर वाढलेला. एकाच झाडावर सगळी वयं. मी पेन्सिलनं काढायला बसले. आकार यायचा, कातडी येईना. रंग लावून बघितले. निवडुंग अगदी शाळेच्या तक्त्यातल्यासारखा गुळगुळीत व्हायचा. सगळे कागद फाडून टाकले.

परळीला आल्यावर एका धान्याच्या व्यापाऱ्यानं कार्डासाठी पोत्याच्या कापडाची पार्श्वभूमी मागितली. मी बारदानाचा तुकडा स्कॅनरच्या काचेवर ठेवला. पडद्यावर सुतळीचे उभे-आडवे धागे मोठे होऊन आले. सहज त्यावर हिरवा रंग पसरवला, पारदर्शक ठेवून. आणि मी खुर्चीतून उठलेच. बांधावरची ती कातडी समोर होती. नुसती सुतळी होती आणि तरी नव्हती.

त्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राचे थर करता येत. एकावर एक काचा ठेवाव्यात तसे. खालच्या काचेवर एक फोटो, वरच्या काचेवर दुसरा. वरचा अर्धा विरळ केला की खालचा त्यातून डोकावतो. मी ठरवलं, एक फड्या निवडुंग करायचा, पूर्ण, मुळापासून बोंडापर्यंत, पण त्यात निवडुंगाचा एकही फोटो घ्यायचा नाही. प्रत्येक फडाची कातडी आमच्या भोवतीच्या वस्तूंची. आषाढाच्या आधी औरंगाबादला एक मोठं चित्रप्रदर्शन भरणार होतं. तिथं द्यायचं.

अप्पांना सांगितलं. ते तराजूत मोडीचं जुनं पितळ घालत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘काटेरी झाड लोक दारात लावत न्हाईत. तू दुकानाच्या डोक्यावर काढायली.’’

‘‘चित्र आहे, अप्पा. झाड न्हाई.’’

त्यांनी तराजूचं पारडं रिकामं केलं. मग म्हणाले, ‘‘प्रदर्शनात लागलं तर पुण्याला पुढचं शिकायला जा. न्हाई लागलं तर मी स्थळाच्या पाहुण्यांना निरोप धाडतो. मग कुरकुर करायची न्हाई.’’

अप्पा व्यापारी माणूस. त्यांच्या दृष्टीनं हा सौदा चोख होता. माझ्या दृष्टीनं तो माझा सगळा जन्म होता.

स्टेशनकडं सलीमचाचांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी मला जुना कॅमेरा उसना दिला आणि रोल धुवून द्यायचं कबूल केलं. पहिला रोल धुतल्यावर डोक्याला हात लावून बसले. ‘‘लोगां नई दुल्हन के फोटो खिंचाते, ये छोकरी गंजे पत्रे के खिंचाती. बेटी, तबियत तो ठीक है ना?’’ पण फोटो मात्र त्यांनी जपून, सावकाश, माझ्या हट्टाप्रमाणे मोठे करून दिले. गंजलेला पत्रा. चुन्याचे पोपडे सुटलेली भिंत. ठोक्याच्या तांब्याच्या घंगाळाचं पोट, ज्याच्यावरच्या खळग्यांतून मला काट्यांच्या जागा मिळणार होत्या. औष्णिक वीज केंद्राची राख वाहून जिथं साचते तिथल्या वाळलेल्या, भेगाळलेल्या करड्या सायीचे फोटो काढायला गेले तर चपलेसकट पाय आत गेला. घरी आले तेव्हा गुडघ्यापर्यंत राखेनं माखलेली, आणि दादाच्या तोंडात एकच वाक्य, ‘‘कदमांची पत्रिका कुठाय?’’

एकदा मी ज्वारीची भाकरी थेट स्कॅनरवर ठेवली. पापुद्र्यावरचे करपलेले ठिपके मला हवे होते. काचेवर पीठ राहिलं. संध्याकाळी दादानं कुणा नवरदेवाचा फोटो स्कॅन केला, तर त्याच्या गालभर पांढरे डाग. दादा एवढा तापला की खालच्या गिऱ्हाइकांनी वर माना केल्या.

वैशाखात आत्या कुरडया घालायला आमच्याकडं आली. तिच्या टाचा बघितल्या आणि मला बुंध्यालगतचा सगळ्यात जुना फड सापडला.

‘‘आत्या, जरा टाच दाखव.’’

‘‘कावून गं? काटा मोडलाय का काय?’’

‘‘फोटो काढायचाय.’’

‘‘मला थोबाड हाय की! टाचंचा कसला फोटो? मेल्यावर भिंतीला टाच टांगताल का माझी?’’

मी खूप समजावलं. शेवटी ती ‘थांब’ म्हणून मोरीत गेली आणि दगडानं पाय घासून, वर खोबरेल चोपडून, ओलेत्या पावलांनी परत आली. भेगा गुळगुळीत, चकचकीत. मी चिडले. ‘‘तुला कुणी सांगितलं होतं धुवायला?’’ ती दुखावली. ‘‘मग घाण पाय दाखवू का जगाला? तुज्या कागदावर माजं नाव नसलं तरी पाय माजाच हाय ना?’’ पुढं काही दिवस तिनं मला पाय दिसू दिला नाही. लुगडं ओढून बसायची. मग एका दुपारी गच्चीवरच्या कुरडयांना राखण बसून, चार वेळा जिना चढून-उतरून ती भिंतीला टेकली आणि पाय पसरून म्हणाली, ‘‘काढ बाई काय काढायचं ते. आता धुवायची ताकद न्हाई.’’

फोटो गोळा करण्याचा काळ एवढा सुखाचा होता हे मला नंतर कळलं. खरा छळ पुढं होता. त्या कॉम्प्युटरची स्मरणशक्ती आजच्या साध्या मोबाइलच्याही पासंगाला पुरली नसती. पाचसहा थर झाले की तो दमायचा. मी एक फड किंचित फिरवायचे आणि पडद्यावर वाळूचं घड्याळ यायचं. ते घड्याळ बघत मी आमटीला फोडणी देऊन परत यायचे, तरी ते तिथंच. मध्येच पडदा गोठायचा. माउस हलवावा, बटणं दाबावीत, शेवटी डोळे मिटून मशीन बंद करावं. दुपारभराचं काम गेलं.

आणि वीज. खिडकीतून औष्णिक केंद्राची धुरांडी दिसायची, त्यांचा धूर सरळ वर जाताना दिसायचा, आणि आमच्या खोलीतला पंखा फिरत फिरत थांबायचा. सगळ्या महाराष्ट्राला उजेड पाठवणारं गाव, आणि मी तिथं पुठ्ठ्यानं वारा घेत काळ्या पडद्याकडं बघत बसलेली. दिव्याखाली अंधार ही म्हण ज्यानं कुणी काढली, तो नक्की परळीला येऊन गेला असणार. वीज यायची तेव्हा पत्रिकावाले जिन्यात उभे असायचे. दादा म्हणायचा, ‘‘उठ, आधी धंद्याचं.’’ मी फाइल जतन करायचे, त्यालाही वाळूचं घड्याळ, आणि परत गणपती. मी कधी ‘न्हाई’ म्हटलं नाही. मशीन त्याचं होतं. मी माझ्या निवडुंगाजवळ अशी जायचे की जणू दुसऱ्याच्या रानातून चोरून बोंडं तोडायचीत.

मशीन दगा देऊ नये म्हणून दोन उपाय होते. एक, थर एकमेकांत मुरवून टाकायचे. पण एकदा मुरवले की मुरले. शिजलेल्या वरणातून डाळ वेगळी काढता येत नाही, तसे ते मग सुटे होत नाहीत. दुसरा उपाय, सहन करायचं. मी सहन केलं. प्रत्येक काटा वेगळ्या थरावर ठेवला नाही, पण प्रत्येक फड ठेवला. आत्याची टाच सगळ्यात खाली, तिच्यावर राखेची साय, मग पत्रा, मग पोतं, वर जाताना चुना आणि भाकरी, आणि शेंड्याच्या कोवळ्या फडाला घंगाळाचं तांबूस पोट. ज्येष्ठ लागता लागता तो उभा राहिला. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि लांब भिंतीशी जाऊन बसले. तिथून तो हिरवा दिसत होता. जवळ गेले की नुसतं आमचं गाव दिसत होतं.

रंगीत मोठा प्रिंट औरंगाबादलाच मिळायचा. थर मुरवलेली एक प्रत तुकडे करून फ्लॉपींवर भरली, डबा छातीशी धरून एसटीत बसले. उकाड्यानं फ्लॉपी वितळतील अशी येडी भीती वाटत होती. वितळल्या नाहीत. प्रिंट मात्र भलताच आला. पडद्यावरचा हिरवा कागदावर शेवाळी-तपकिरी झाला, तांबूस शेंडा विटेसारखा. छापणारा म्हणाला, पडद्याचा रंग वेगळा, शाईचा वेगळा, तसंच असतं. भांडायला वेळ नव्हता. तीच गुंडाळी घेऊन प्रदर्शनाच्या टेबलाशी गेले.

टेबलामागं एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी चित्र उलगडलं, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं. मला वाटलं, झालं, घेतलं.

‘‘चित्र आहे का फोटो?’’

‘‘चित्र. पण फोटोंमधून केलेलं. कॉम्प्युटरवर.’’

‘‘मग ब्रश कुठं लागला?’’

‘‘ब्रश नाही लागला.’’

‘‘छायाचित्रांत द्या मग.’’

शेजारच्या टेबलावर गेले. तिथला माणूस म्हणाला, ‘‘अहो, असा निवडुंग कुठं उगवलाय का? उगवलाच नाही त्याचा फोटो कसा?’’ परत पहिल्या टेबलावर. ते गृहस्थ वाईट नव्हते. हळू आवाजात म्हणाले, ‘‘ताई, हे मशीननं केलंय. बक्षीस द्यायची वेळ आली तर मशीनला द्यायचं का?’’

‘‘मशीन माझ्या भावाकडं पण आहे. तेच मशीन. त्याच्याच्यानं का नाही झालं?’’

त्यांनी चित्र नीट गुंडाळून माझ्या हातात दिलं. परतीच्या एसटीत गुंडाळी मांडीवर आडवी घेऊन बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, ‘‘नकाशा हाय का?’’ मी ‘हो’ म्हणाले.

घरी आले, कुणाशी न बोलता वर गेले. म्हटलं, निदान रंग सुधारून ठेवू. मूळ थर आहेत तोवर काहीही सुधारता येईल. मशीन सुरू केलं. निवडुंग नव्हता. फायलींचा सगळा कप्पाच रिकामा. दादा मागून आला, हातात गुळगुळीत कागदाचा गठ्ठा.

‘‘दादा, माझं चित्र कुठाय?’’

‘‘जागा भरलती गं. नवीन गणपतींची सीडी टाकायची होती. तुजं छापून झालतं ना?’’

‘‘झालतं.’’

‘‘मग? छापून झाल्यावर मॅटर ठेवतंय का कुणी?’’

त्यानं हे वाईट मनानं केलं नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. छापखान्याची रीत होती ती. पत्रिका छापली, जुळवलेलं मॅटर मोडलं. लग्न लागलं, मांडव सोडला. मी काय बोलणार? तरी बोलले. काय बोलले आठवत नाही. अजून आमच्याकडंच असलेल्या आत्यानं जिन्याखाली उभं राहून कानांवर हात ठेवले एवढं आठवतं. दादाही ओरडला, ‘‘निवडुंगच व्हता ना? बांधावर रग्गड हायेत! परत काढ की!’’ त्या रात्री मी जेवले नाही. अप्पांनी ताटावरूनच विचारलं, ‘‘लागलं का प्रदर्शनात?’’ मी नाही म्हणून मान हलवली. ते म्हणाले, ‘‘बरं.’’ मी म्हणाले, ‘‘पाहुण्यांना निरोप धाडा.’’ त्यांनी हात धुतला आणि उठले.

पुण्याला जायचं राहिलं ते राहिलंच. पुढच्या वर्षी माझं लग्न बीडला झालं, काही वर्षांनी शाळेत चित्रकलेची जागाही मिळाली. आज माझ्या वर्गातली मुलं मोबाइलवर फोटोवर फोटो ठेवून गंमत करतात, आणि त्यांना कुणी विचारत नाही हे चित्र की फोटो. मला त्यांचा हेवा वाटतो, असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. राग येतो. कुणाचा, ते अजून नक्की करता आलेलं नाही. मुलांचा नाही. त्या टेबलामागच्या गृहस्थांचाही आता नाही. बहुतेक त्या वाळूच्या घड्याळाचा. एखादी गोष्ट काळाच्या थोडी आधी सुचणं म्हणजे नुसतं थांबून राहणं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

पण त्या भांडणानंतरच्या दिवसांत मी निवडुंग परत करायला घेतला होता. ना प्रदर्शन होतं, ना पुणं. निव्वळ चिडून. सलीमचाचांनी मोठे केलेले फोटो अजून माझ्याकडं होते. ते एकेक करून पुन्हा स्कॅन केले. पहिल्यासारखं होत नव्हतं. पहिल्यात हात आपोआप वळला होता, आता मी त्याची नक्कल करत होते आणि नक्कल होत नव्हती.

अशाच एका दुपारी दादा कागद आणायला अंबाजोगाईला गेलेला. वीज होती. मी वर, दार उघडं. खाली दुकानात नारायणगडाकडची काही मंडळी आली. भांडी घेऊन झाली, आणि त्यांच्यातल्या एकाचा मोठा आवाज जिन्यातून वर आला.

‘‘अप्पा, पत्रिका आजच लागत्यात बघा. लई घाई हाय. पोरगी वर बसलेली दिसायली, तिला सांगा की.’’

माझा हात सवयीनं फाइल बंद करायला गेला.

‘‘आज न्हाई व्हायच्या,’’ अप्पा म्हणाले.

‘‘कावून? मशीन बंद पडलंय का?’’

‘‘मशीन चालू हाय. पोरगी कामात हाय.’’

‘‘कुणाची पत्रिका करायली? आमचं आधी घ्या की, एका पत्रिकेनं काय व्हतंय!’’

कुणीतरी तांब्या उचलून परत ठेवल्याचा आवाज झाला.

‘‘पत्रिका न्हाई,’’ अप्पा म्हणाले. ‘‘तिचं सोताचं काम हाय. उद्या या तुमी.’’

मंडळी कुरकुरत गेली. मी जिन्याकडं कान लावून बसले होते. वाटलं, आता ते वर येतील, काहीतरी म्हणतील. पाऊल वाजलं नाही. मी पुढचा थर उघडला.